दिलेली माफी परत घेताना

डोंबिवली पूर्व,
रविवार, दुपारचं जेवून

प्रिय रुचे,

पाकीट बघून आधी घाबरली असशील, मग माझं अक्षर बघून वैतागली असशील. मलाही विचित्रच वाटतंय गं. पण फोनवर लांबलचक टाईप करायला घेतलं की अक्षरं वर सरकतात आणि त्यांच्याबरोबर माझी खोली पण सरकते. कागद बिचारा एका जागी पडून राहतो. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर तू काय करतेस ते मला माहितीये. निळ्या टिका येतात, मग एक अंगठा येतो, मग पुढच्या सणापर्यंत शांतता. म्हणून हे पत्र तुझ्या आईच्या हातात दिलंय. गोदामावशीलाच सांगून ठेवलंय, मोहन्याला घरी गेलीस की रुचिताला दे आणि ती शेवटच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर समोरून उठू नकोस. तेव्हा आता वर बघू नकोस, ती बसलेलीच आहे.

माझ्या गोष्टींना तू कायम नावं ठेवलीस. कॉलेजच्या अंकात मी ती शेवटापासून सुरू होणारी गोष्ट दिलेली तेव्हा म्हणालेलीस, अक्षे, तुझी गोष्ट कळायला वेगळा क्लास लावावा लागेल, फी पण तूच घे. गंमत बघ, आयुष्यात मी एकच गोष्ट सरळ, साधी, कुणालाही कळेल अशी सांगितली, आणि नेमकी तीच चुकीच्या जागेपासून सुरू केलेली. ती तुझी-माझी आहे. सगळ्यांना मी ती 'सरावाला पडले' इथून सांगत आले. डॉक्टरांना, ऑफिसात, नवीन शेजाऱ्यांना, स्वतःला पण. आज आधीपासून सांगते. मधेच कंटाळलीस तर मावशी आहेच.

खोपटच्या शाळेमागचं आपलं मैदान डोळ्यांसमोर आण. दहीहंडीच्या थरांवर लहान पोरींना चढवायचं बंद झालं, तेव्हा आपल्या पथकाचा दौलतदादा एक्का शोधत फिरत होता, एकदम टोकावर उभी राहणारी. पूर्ण पथकात सगळ्यात हाडकुळी मी. आणि माझ्या बरोब्बर खाली तू, कारण दादा म्हणायचा, रुचिताचा खांदा म्हणजे सिमेंटचा कट्टा आहे, वर जेवायला बसलात तरी चालेल. मी चढताना तुझी वेणी धरायचे. तू खालून कचकचून शिव्या द्यायचीस, अगं भवाने, केस सोड, दोरी नाहीये ती. आणि मी उभी राहिले की गप्प व्हायचीस, श्वास पण हळू घ्यायचीस, तो मला पायाच्या तळव्यात कळायचा. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. तळव्यांना तुझा श्वास कळला की मी हात वर करायचे. आयुष्यात त्यापेक्षा जास्त सेफ मला कुठेच वाटलेलं नाही, आमच्या घरात पण नाही.

मग ती संध्याकाळ. मी हात वर केले आणि डाव्या पायाखालचा तुझा खांदा गेला. झटकन, जिन्याची पायरी नसावी तसा. खालच्या पोरींनी मला झेललं, डोकं कुठेच आपटलं नाही, फक्त मनगट मोडलं. प्लास्टर घालेपर्यंत तू दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून एकच वाक्य म्हणत होतीस, माझा खांदा हलला, दादा, माझा खांदा हलला. दादा म्हणाला, होतं गं पोरी. माझी आई म्हणाली, मुद्दाम का कुणी करतं? आणि मी, प्लास्टरवाली हिरॉईन, मोठ्या मनाने म्हणाले, सोड ना यार, मी केलं माफ. तू तेव्हा माझ्याकडे बघितलंस. ती नजर मी नीट वाचली नाही. मला वाटलं, थँक्यू म्हणतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि घर फिरायला लागलं. सिनेमात दाखवतात तसं गोल गोल छान नाही. भिंत डावीकडून उजवीकडे धावायची, परत मागे यायची, परत धावायची. पाण्याचा घोट पोटात राहत नव्हता. दोन-तीन दिवसांत ते धावणं थांबलं, पण जग काही घट्ट झालं नाही. सगळं कायम जरासं सैल. फरशी गादीसारखी. मान वळवली की खोली माझ्या मागून उशिरा यायची, नेटवर्क गेल्यासारखी. तोंड धुताना साबण लावून डोळे मिटले की मी बेसिनमध्ये डोकं घालायचे. मॉलमधल्या दुकानात त्या दोन्ही बाजूंना पाकिटांच्या रांगा असतात ना, तिथे मी ट्रॉली घट्ट धरून एकदा रडले होते, एक बाई मला म्हणाली, काय गं, मॅगी संपली का? आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर रस्त्याने चालले की मी अशी झोकांड्या खात जायचे की कोपऱ्यावरचा रिक्षावाला एकदा दुसऱ्याला म्हणाला, बघ, पोरी पण प्यायला लागल्या आता.

ऑफिस सुटलं. घरून कंटेंट लिहायचं काम घेतलं, ते पण झोपून. तेवढ्यात आपली बिल्डिंग पाडायला घेतली, तुम्ही कल्याणकडे मोहन्याला गेलात, आम्ही इकडे डोंबिवलीला भाड्याने आलो. घरमालकाने नवा पांढरा रंग दिलेला, आणि माझ्या बेडपासून बाथरूमपर्यंत भिंतीवर हाताचा काळा पट्टा उमटला. आई तो ओल्या फडक्याने पुसायची, तो परत उमटायचा. तू तेव्हा एकदा आलेलीस, आठवतं? मोसंबी घेऊन. खाली रिक्षा थांबवून ठेवलेलीस. खुर्चीच्या टोकावर बसलीस, माझ्याकडे न बघता डॉक्टरांनी माझ्या मानेला घातलेल्या पट्ट्याकडे बघत होतीस. आई चहा टाकते म्हणाली तर म्हणालीस, नको मावशी, मीटर चालू आहे. त्यानंतर आली नाहीस. पथक पण सोडलंस. मला राग आलेला, खरं सांगते. मला वाटलं, बोअर झाली असेल आजारी माणसाला.

औषधपाण्याचं तर पुस्तक होईल. आपल्याकडे एक शब्द आहे, मुका मार. रक्त नाही, सूज नाही, फोटोत काही नाही, पण पोरगी पडली होती ना, मग मुका मारच. सगळ्यांना तो शब्द इतका आवडला की कुणी पुढे बघितलंच नाही. प्रत्येक डॉक्टरसमोर बाबा खुर्चीत बसायच्या आधीच सुरू व्हायचे, गोविंदात पडली. डॉक्टर पेन खाली ठेवायचे आणि विचारायचे, मुली पण करतात? मग थोडं लेक्चर. मग मानेचा एक्सरे, मग डोक्याचा एमआरआय, सगळं क्लिअर. एकाने मानेला पट्टा दिला, हलवायची नाही म्हणाला. दुसऱ्याने चक्करच्या गोळ्या दिल्या, त्या मी महिनोन्‌महिने खाल्ल्या आणि दुपारभर झोपले. तिसऱ्याने हळूच आईला विचारलं, लग्नाचं टेन्शन वगैरे आहे का? आईने घरी येऊन मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणून तिचं समाधान झालं, जबरी दृष्ट आहे म्हणाली. मी म्हटलं, आई, एक्झॉस्ट फॅन चालू आहे.

मग आईच्या भिशीतल्या एका काकूंनी नौपाड्यातल्या मॅडमचं नाव सांगितलं. कान आणि तोल, एवढंच बघतात. नंदा मॅडम म्हणतात सगळे. पहिल्या मजल्यावर दवाखाना, खाली पापड-कुरडयांचं दुकान, जिना अरुंद. मी बाबांचा हात आणि कठडा दोन्ही धरून चढले. मॅडमनी मला बघितलं, पट्टा बघितला आणि म्हणाल्या, हा कोणी घातला? आधी काढ. बाबा नेहमीप्रमाणे सुरू झाले, मॅडम, गोविंदात पडली. मॅडम म्हणाल्या, ते कळलं. पडण्याच्या आधीच्या आठवड्यात काय झालं ते सांगा. असं आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, काही नाही, सराव. तेव्हा बरोबर आलेली आई म्हणाली, अगं, ताप नव्हता का तुला? कणकण होती, सर्दीने नाक लाल झालेलं, गोळी गिळून पळालेलीस मैदानात. रुचिताच्या आईने पेज पाठवलेली डब्यातून.

आणि रुचे, त्या पेजेवरून मला पुढचं आठवलं. ताप उतरल्यावर, पडायच्या आदल्या संध्याकाळी, मी मैदानाच्या भिंतीला हात टेकून चपला घालत होते. एका पायावर उभं राहायला जमत नव्हतं. तू मागून म्हणालेलीस, काय गं, भिंत पडतेय का, धरून उभी आहेस ती? आपण दोघी हसलो. मॅडमना हे सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, माझ्या नाकाकडे बघत राहा म्हणाल्या, आणि खटकन वळवलं. उजवीकडे वळवलं तर डोळे नाकावर चिकटलेले. डावीकडे वळवलं की डोळे सुटायचे, मग धावत परत यायचे. कानात गरम-थंड पाणी सोडून पण तपासलं. उजव्या कानात सोडलं तर दवाखाना गरगर फिरला. डाव्या कानात सोडलं तर काहीच नाही, जसा काही तो कान दुसऱ्या कुणाचा.

त्यांनी सांगितलं ते तुला माझ्या भाषेत सांगते. ऐकायला येणं वेगळं आणि तोल वेगळा, पण दोन्ही कानातच राहतात. तापातल्या व्हायरसने माझ्या डाव्या कानाच्या तोलाच्या नसेला सूज आणली आणि ती नस जवळजवळ बंद पडली. पूर्ण तब्येतीत येईलच असं नाही. पण मेंदू हुशार असतो, एका चांगल्या कानावर, डोळ्यांवर, पायांवर भागवायला शिकतो. फक्त त्याला शिकायला हलावं लागतं. आणि आम्ही काय केलं? मान बांधली, झोपवून ठेवलं, गोळ्या देऊन मेंदूला गुंगीत ठेवलं. मॅडम म्हणाल्या, शाळेत घातलेल्या पोराला रोज घरी झोपवून ठेवलंत आणि पास का होत नाही विचारताय. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झालेला.

मग औषध काय, तर हलणं. गोळ्या त्यांनी हळूहळू बंद केल्या. समोरच्या भिंतीवर एक मोठा 'अ' चिकटवायचा, त्याच्याकडे बघत मान नाही-नाही म्हणून हलवायची, आणि 'अ' हलता कामा नये. मी जेवणाआधी करायचे, बाबा पानावरून ओरडायचे, नको तर नको, एवढी मान कशाला हलवतेस? मग उभं राहून. मग पाय जोडून. मग चालता चालता. सुरुवातीला इतकं गरगरायचं की मी मॅडमना सांगितलं, मला नाही जमणार, आधीच बरी होते. त्या म्हणाल्या, थोडी चक्कर यायलाच हवी. मेंदूला चूक दिसल्याशिवाय तो दुरुस्त काय करणार? मी घरी येऊन चिडून 'अ' फाडला. दुसऱ्या दिवशी आईने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला नवीन काढून लावला, चुकून वेलांटी देऊन, 'अी' केलेला. त्यालाच बघत बघत मी शिकले.

आता बातम्या ऐक. भिंतीवरचा काळा पट्टा आईने पुसला, परत उमटला नाही. गोखले रोडवर दुकानांच्या पाट्या वाचत, मान दोन्हीकडे वळवत मी एकटी चालते, लोकांना वाटतं पत्ता शोधतेय, दोघांनी विचारलं पण. फडके रोडला भर संध्याकाळी गेलेले, सगळी गर्दी अंगावर येताना थांबून शेवपुरी खाल्ली. साबण लावून डोळे मिटते आणि उभी राहते. सगळंच छान नाहीये. झोप कमी झाली की जग परत सैल होतं, रिक्षा स्पीडब्रेकरवर उडाली की पुढचा अर्धा तास मी गप्प असते. मॅडमनी आधीच सांगितलंय, शंभर टक्के हा शब्द काढायचा नाही. पण मी चालते गं. हे वाक्य लिहिताना मला हसू येतंय. मी चालते.

आता खरं सांगायचंय ते. मॅडमकडे एक जाड फोम आहे, गादीसारखा. त्याच्यावर अनवाणी उभं राहायचं आणि डोळे मिटायचे. मॅडम माझ्या मागे हात पसरून उभ्या. त्या दिवशी मी मस्त उभी होते. सरळ, काठीसारखी. हात वर करावेसे वाटले इतकी. आणि अचानक डाव्या पायाखालचा फोम गेला. झटकन, जिन्याची पायरी नसावी तसा. मी ओरडले, मॅडम, हा इकडून खचतोय. त्यांनी मला धरलं आणि म्हणाल्या, फोम सगळीकडून सारखाच आहे. तू डावीकडे कलतेयस, सगळा भार त्या पायावर टाकतेयस, म्हणून तो दबतोय. मी म्हटलं, पण मी सरळ होते. त्या म्हणाल्या, तुला तसं वाटणारच. जो कान सांगतो तू वाकडी आहेस, तोच बंद आहे ना. मी परत उभी राहिले. परत तेच. मी परत म्हटलं, अजून एकदा. शेवटी मॅडम वैतागल्या, म्हणाल्या, बाहेर पेशंट बसलेत, एवढं काय सापडलंय तुला त्या फोममध्ये? मी फोमवरच बसून रडले. मला तुझा खांदा सापडलेला.

त्याच दिवशी मी जिना उतरत होते आणि खाली दुकानात गोदामावशी भेटली, कुरडया घ्यायला आलेली. धावत येऊन तिने माझा दंड धरला. मी म्हटलं, मावशी, सोड, मी येते, आणि तिच्यासमोर एकटी उतरले, तर पिशवी खाली ठेवून तिने माझी अलाबला घेतली, दुकानदारासकट सगळ्यांसमोर. मग उसाचा रस पाजला आणि तुझं सांगितलं. मोहन्याच्या जत्रेत भाविकाताईची सान्वी गर्दीत रडत होती, मला पाळणा दिसत नाहीये, रुचूमाऊ, मला वर घे. आणि तू म्हणालीस, मान दुखते माझी. नुसतं त्या दिवशी नाही, म्हणे, कधीच नाही घेत. कडेवर घेतेस, खांद्यावर नाही. ताईला वाटतं तुला भाचीचा कंटाळा आहे. मावशीला वाटतं तुझी मान खरंच दुखते, तुला मॅडमचा पत्ता द्यायचा का विचारत होती. कशामुळे ते फक्त मला कळलं. म्हणून हे पत्र. रुचे, त्या बाकड्यावर मी तुला जी माफी दिली ती मला परत हवीये. ती तुझी नव्हतीच, चुकून तुझ्याकडे गेली आणि तू ती इतकी वर्षं खांद्यावर घेऊन फिरतेयस. तू हललीस म्हणून मी पडले नाही. मी कलले, सगळा भार एका बाजूला टाकला, म्हणून तुझा खांदा गेला, कुणाचाही गेला असता, कट्ट्याचा पण. ताप कुणी ठरवून घेत नाही, तेव्हा आता माझ्यावर पण चिडायचं नाही. गुरुपौर्णिमेला दौलतदादा सरावाचा नारळ फोडतोय. वर चढायला मॅडमनी सक्त मनाई केलीये, पण मी खाली उभी राहून ओरडायला येणार आहे, तू येशील तर तुझ्या शेजारी. ते नंतर बघू. आधी आज संध्याकाळी एक काम कर. सान्वीसमोर खाली बस, तिला दोन्ही पाय टाकू दे, मग हळू उठ. ती हलेल, पोरं हलतातच. तुझा खांदा पण हलेल, हलू दे. आणि ती तुझी वेणी धरेल, तेव्हा शिव्या घालू नकोस गं. घाबरलं की तेवढंच हाताला लागतं.

तुझीच,
अजून जराशी डावीकडे कललेली
अक्षदा